लोणार : विवराच्या काठचे गाव

मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा यांस खुले पत्र



लोणार हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसलेले तालुक्याचे गाव आहे. उत्तर अक्षांश १९°५८′ आणि पूर्व रेखांश ७६°३०′ ही त्याची जागा. उत्तरेला मेहकर आणि पश्चिमेला सिंदखेड राजा हे याच जिल्ह्यातले तालुके आहेत. पूर्वेकडे वाशीम जिल्ह्यातले रिसोड, तर दक्षिणेकडे मंठा आणि जिंतूर लागतात, म्हणजे तिथून मराठवाडा सुरू होतो. वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या शिवेवरच्या या गावाची बोली वऱ्हाडी आहे, पण सोयरीक आणि बाजारहाट दोन्ही बाजूंना चालतो. लोणारला रेल्वे नाही. छत्रपती संभाजीनगर इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास असून जिल्ह्याचे ठिकाणही जवळ नाही. सर्वांत जवळचे मोठे गाव मेहकर. पैनगंगेकाठचे हे गाव शारंगधर बालाजीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. लोणार तालुका मेहकर विधानसभा मतदारसंघात मोडतो.

लोणार जगाला माहीत आहे ते सरोवरामुळे. पुस्तकांत, माहितीपत्रकांत आणि शासकीय टिपणांत सरोवराचे वर्णन असते. गावाचा उल्लेख रस्ता सांगण्यापुरता येतो. ही मांडणी अपुरी आहे. विवर, त्यातले खारे पाणी, काठावरचा गोडा झरा, बाराव्या-तेराव्या शतकांतली मंदिरे आणि तेवीस हजार माणसांचे गाव ही एकाच भूगोलाची अंगे आहेत. त्यांतले एक हलले की बाकीची हलतात. म्हणून पुढच्या वर्णनात गाव आणि विवर वेगळे काढलेले नाहीत.

या भागाची जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांचेच हे पठार. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीवरचे हे माळरान कुठे लाटांसारखे चढते-उतरते, कुठे काळ्या कसदार जमिनीने भरलेले असते. खरिपात सोयाबीन, कापूस आणि तूर, रब्बीत हरभरा, गहू आणि ज्वारी अशी पिके निघतात. पाऊस मध्यम आणि बेभरवशाचा. एखादे वर्ष हात राखून देणारा. अशा माळावरून चालत गेल्यावर जमीन किंचित वर चढते आणि मग पायाखालून एकदम नाहीशी होते. समोर जवळजवळ वर्तुळाकार खड्डा उघडतो. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३५ ते १५० मीटर. विवराची कड भोवतालच्या शेतांपेक्षा वीसेक मीटरच उंच आहे. म्हणूनच दुरून त्याची चाहूल लागत नाही. कडेवर पोचेपर्यंत ते दिसतच नाही.

तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे सरोवर आहे. पाणी उथळ असून त्याखाली गाळाचा फार जाड थर आहे. विवराच्या भिंतीत लाव्हाचे पाच-सहा थर एकावर एक रचलेले दिसतात, आणि कडेजवळ ते बाहेरच्या बाजूला उचलले, कलले, काही ठिकाणी उलटले आहेत. उतारावर साग, कडुनिंब आणि सीताफळाचे रान आहे. पाण्याच्या जवळ झाडांची वलये ओळखू येतात. काठाच्या खारट पट्ट्यात फारसे काही उगवत नाही. त्याच्या वर बाभूळ, चिंच आणि शिंदी. या रानात मोर, वानर आणि घोरपड सहज दिसतात. रामसरच्या नोंदीप्रमाणे इथे पक्ष्यांच्या १६०, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ आणि सस्तन प्राण्यांच्या १२ जाती आहेत. लांडगा आणि पांढऱ्या मानेचा करकोचा ही त्यांतली विशेष सांगण्यासारखी नावे.

हा खड्डा कसा झाला, याचे उत्तर सापडायला दीडशे वर्षे लागली. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. एकोणिसाव्या शतकातल्या भूवैज्ञानिकांना तो ज्वालामुखीचा अवशेष वाटला आणि त्यांच्या दृष्टीने ते साहजिकच होते. सभोवार सगळा लाव्हाचाच प्रदेश असताना दुसरे काही सुचणे अवघड होते. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या विवराचा विचार करताना जी. के. गिल्बर्ट यांनी तुलनेसाठी लोणारचे नाव घेतले. पण अशनीचा आघात ही कल्पना लोणारबाबत गांभीर्याने मांडली गेली ती १९६४ मध्ये लाफाँ आणि डीट्झ यांच्या लेखात. पुढे तळाशी छिद्रे घेऊन गाळाखालचा खडक बाहेर काढला गेला. गाळाखाली चुरडलेल्या दगडाचा जाड थर निघाला आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाचा धक्का बसला की ते वितळण्याआधीच काचेसारखे होते, त्या काचेला हे नाव आहे. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी हा पुरावा प्रसिद्ध केला आणि वाद बहुतांशी मिटला.

बेसॉल्टमध्ये झालेली आणि इतकी चांगली टिकलेली आघात-विवरे पृथ्वीवर अत्यंत विरळ आहेत. चंद्राचे काळे सखल प्रदेश बेसॉल्टचे आहेत. मंगळावरही बेसॉल्ट विपुल आहे. त्यामुळे तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारचा दगड हाताळता येणे मोलाचे वाटते. वयाचा प्रश्न मात्र तितक्या सरळपणे सुटलेला नाही. आघातात तापलेल्या पदार्थांच्या तप्तदीप्ती मोजणीवरून सुमारे ५२,००० वर्षे हा आकडा आला आणि तोच अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन समस्थानिकांच्या मोजणीने तो सुमारे ५,७०,००० वर्षांवर नेला. दोन्ही आकडे फलकांवर आणि पुस्तिकांत आजही शेजारी-शेजारी वावरतात. वाचणाऱ्याला त्यांतला फरक समजावून सांगितला जात नाही. पन्नास हजार आणि पावणेसहा लाख यांत दहापटींहून जास्त अंतर आहे, हे तरी फलकावर यायला हवे.

गावाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट विवराच्या बाहेर आहे. आघाताने उडालेला दगड-मातीचा मलबा कडेभोवती किलोमीटरभर, काही दिशांना त्याहून पुढे पसरला. लोणार गाव विवराच्या ईशान्येला या मलब्याच्या चादरीवरच वसले आहे. घराचा पाया खणताना, विहीर खोदताना, रस्त्यासाठी मुरूम काढताना जो दगड निघतो, त्यातला काही त्या आघातात वितळलेला, चुरडलेला असतो. अभ्यासकांसाठी ती नोंदवही आहे. विवराच्या उत्तरेला कडेपासून सुमारे सातशे मीटरवर अंबर तळे नावाची एक लहान गोल खोलगट जागा आहे. मुख्य अशनीचा तुकडा पडून तीही झाली असावी, असे मत मांडले गेले आहे. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही. तिच्या काठी मोठ्या मारुतीचे देऊळ असून तिथली मूर्ती आडवी, निजलेल्या मारुतीची आहे.

लोणार हे नाव लोणावरून, म्हणजे मिठावरून आले. लवण, लोण, लोणारी हे सगळे एकाच घरातले शब्द. सरोवराचे पाणी खारे आहे, पण समुद्रासारखे नाही. समुद्रात साध्या मिठाचा भर असतो. इथे मिठाच्या बरोबरीने सोडा, म्हणजे सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट आहे. त्याचा सामू साधारण साडेनऊ ते साडेदहा असतो, तर समुद्राच्या पाण्याचा आठच्या जरा वर. कारण साधे आहे. विवराला पाणी बाहेर जायला वाट नाही. पावसाचे, ओढ्यांचे आणि झऱ्यांचे पाणी बेसॉल्टमधून क्षार घेऊन खाली येते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. हजारो वर्षे हेच चालू आहे. अशा पाण्यात मासे आणि साध्या पाण्यातले जीव टिकत नाहीत. हिरवट निळी सूक्ष्म शेवाळे मात्र माजतात. त्यांत स्पिरुलिनाही आहे. पाण्याचा हिरवा रंग आणि काठचा उग्र वास त्यांचाच.

गावाच्या पोटापाण्याशी सरोवराचे सर्वांत जुने नाते या क्षाराचे आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर आणि उथळ पाण्यात क्षाराचे पापुद्रे धरत. माणसे पाण्यात उतरून ते गोळा करत, वाळवत आणि प्रतीप्रमाणे वेगळे करत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की ही त्यांची नावे जुन्या नोंदींत आली आहेत. ही नावे कारखान्याने दिलेली नाहीत. हाताने क्षार वेचणाऱ्यांना खड्यात आणि भुकटीत, स्वच्छ आणि मातकट मालात जो फरक दिसत होता, तो त्या नावांत उतरला आहे. हा क्षार कापड धुण्याला, रंगाऱ्यांना, बांगड्यांच्या काचेला आणि साबणाला लागे. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा परिच्छेद आहे. कोसभर लांबीरुंदीचे, उंच डोंगरांनी वेढलेले खाऱ्या पाण्याचे तळे, तिथे काच आणि साबणाला लागणारे पदार्थ मिळतात, सोरा निघतो आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी दिल्ली-आग्र्याच्या दफ्तरात लोणार होते ते महसूल देणारे ठिकाण म्हणून. कारखान्यातला स्वस्त सोडा बाजारात आल्यावर हा धंदा बसला. आज दल्ला आणि खुप्पल हे शब्द गावातल्या म्हाताऱ्यांशिवाय फारसे कुणाला ठाऊक नसतील. गावाच्या संग्रहालयात पहिली जागा त्या शब्दांना आणि त्या क्षारांच्या नमुन्यांना मिळायला हवी.

खाऱ्या पाण्याच्या काठी गाव उभे राहिले ते गोड्या पाण्यामुळे. विवराच्या ईशान्य कडेला धार नावाची जागा आहे. तिथे दगडी गोमुखातून बारमाही झरा पडतो. पाणी कुंडात येते, तिथून घळीतून उतरत सरोवराला मिळते. भोवती देवळे, ओवऱ्या आणि पायऱ्या आहेत. पर्वणीला लोक धारेवर स्नानाला येतात. एरवीही गावाचा माणूस तिथे जातो. अबुल फजलच्या वर्णनात डोंगराच्या माथ्यावरच्या या झऱ्याचा आणि त्याच्या तोंडाशी कोरलेल्या बैलाच्या आकृतीचा उल्लेख आहे. सोमवती अमावास्येला त्याचे पाणी खालच्या मोठ्या तळ्याला मिळते, असेही तो सांगतो. धारेखेरीज सीता न्हाणी, पापहरेश्वर, रामगया अशी आणखी पाण्याची ठिकाणे विवराच्या परिसरात आहेत. खाली सरोवराच्या काठी, कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे सांगतात. नाव लोकांनी दिलेले असले तरी त्यामागे खरी भूगर्भीय गोष्ट आहे. कडेच्या दगडातून झिरपणारे गोडे पाणी आणि सरोवराचे खारे पाणी इथे अगदी हातभर अंतरावर भेटतात. लोणारच्या माणसाचे जगणे याच हातभर अंतरावर बेतलेले आहे.

पुराणकथेत या खड्ड्याचे कारण लवणासुर आहे. लवणासुर जमिनीखाली लपून लोकांना छळत होता. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन वरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. सरोवर हे त्याचे रक्त आणि क्षार हे त्याचे मांस, अशी कथेची बांधणी. वरून आलेला आघात, उडालेली जमीन आणि खारे पाणी या तिन्ही गोष्टी कथेत आहेत. याचा अर्थ लोकांनी अशनी पडताना पाहिला असा काढायचे कारण नाही. वय कोणतेही धरले तरी तो माणसाच्या सांगोवांगीच्या फार पलीकडचा काळ आहे. पण समोर दिसणाऱ्या भूमीकडे नीट पाहून तिची संगती लावण्याचा प्रयत्न या कथेत आहे, आणि तो आदराने वाचण्यासारखा आहे. ब्राह्मण या क्षेत्राला विष्णुगया म्हणतात, असे ऐन-ए-अकबरीत नोंदवले आहे.

दैत्यसूदनाचे देऊळ गावाच्या मध्यभागी आहे. चालुक्य-यादव काळात, बाराव्या-तेराव्या शतकांत बांधलेले हे मंदिर तारकाकृती आराखड्याचे आहे. भिंतींचे कोन पुढे-मागे होत जातात, त्यामुळे उन्हाच्या फिरत्या तिरिपेत बाहेरच्या मूर्तींवर सावल्या हलत राहतात. छताचे कोरीवकाम हा त्याचा सर्वांत सुंदर भाग; त्यात कृष्णकथा आणि दैत्यवधाचे प्रसंग आहेत. मे महिन्यात काही दिवस सूर्याचा किरण थेट मूर्तीवर पडतो आणि त्या वेळी दर्शनाला गर्दी होते. ज्यांना सामान्यपणे हेमाडपंती म्हटले जाते, तशी लहानमोठी देवळे विवराच्या आत आणि कडेवर विखुरलेली आहेत: कमळजा देवी, वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचे देऊळ, कुमारेश्वर, यज्ञेश्वर. गावात लिंबी बारव ही जुनी पायऱ्यांची विहीरही आहे. आतल्या देवळांतली बरीचशी रिकामी आणि झाडीने वेढलेली आहेत. काहींच्या छतात पिंपळ-वडाची मुळे शिरली आहेत. कमळजा देवीचे देऊळ मात्र पूर्ण जागते आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते, त्या वेळी पंचक्रोशीतून आणि मराठवाड्यातूनही लोक विवर उतरून येतात. खाली जाण्याच्या पायवाटा यात्रेकरूंच्या पायांनीच रुळल्या. पर्यटक त्यांवरून पुढे आले.

राजकीय इतिहास थोडक्यात सांगता येतो. यादवांनंतर हा मुलूख बहमनी आणि इमादशाही अमलाखाली होता. अकबराच्या काळात तो मोगलांकडे गेला आणि वऱ्हाड सुभ्यातल्या मेहकर सरकारात मोडू लागला. १७२४ नंतर निजामाचा अंमल आला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. एवढ्या राजवटी बदलल्या, पण तालुक्याच्या पश्चिमेला काही कोसांवर असलेल्या सिंदखेड राजाखेरीज मोठ्या राजकारणाची घडामोड या भागात फारशी झाली नाही. जिजाबाईंचा जन्म १५९८ मध्ये तिथे झाला. लोणारला राज्यकर्ते आले ते मुख्यतः क्षाराच्या उत्पन्नासाठी आणि तीर्थासाठी.

२०११ च्या जनगणनेत लोणार शहराची लोकसंख्या सुमारे २३ हजार होती. संपूर्ण बुलढाणा जिल्ह्याची त्या वेळची लोकसंख्या २५,८६,२५८, म्हणजे जिल्ह्यातल्या दर शंभर माणसांतला एकही पूर्ण माणूस लोणार शहरात राहत नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची २०२७ मध्ये व्हायची आहे. तोपर्यंत लोणारबद्दलचे सगळे नियोजन जुन्या आकड्यावर उभे राहणार, हे ध्यानात ठेवावे लागते. शहरात नगर परिषद आहे. हिंदू, मुस्लिम, बौद्ध आणि जैन अशा समाजांची वस्ती एकमेकांना लागून आहे. घरात मराठी आणि उर्दू दोन्ही ऐकू येतात. तालुक्यातल्या तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोली आहे. शेतकरी, शेतमजूर, छोटे दुकानदार, शिक्षक, तहसील-पंचायत समितीतले नोकरदार आणि गाडीवाले मिळून गाव बनते. कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही, तेव्हा तांड्यांवरची आणि लहान गावांतली कुटुंबे मजुरीसाठी बाहेर जातात. मोठा कारखाना नाही. सरोवर पाहायला लोक येतात, पण बहुतेक जण दुपारी येऊन संध्याकाळी परततात. गावात मुक्काम करणारे थोडे. त्यामुळे जगप्रसिद्ध जागेच्या काठावर राहूनही गावाच्या उत्पन्नात तिचा वाटा लहानच राहिला आहे.

विवराला संरक्षणाची कवचे अनेक आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते राष्ट्रीय भूवारसा स्मारक मानले आहे. दैत्यसूदन आणि इतर काही मंदिरे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. २००० मध्ये विवर आणि लगतचा सुमारे ३.६५ चौरस किलोमीटर भाग वन्यजीव अभयारण्य झाला. २०२० मध्ये ४२७ हेक्टर क्षेत्राला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे रामसर स्थळ. सरोवराच्या संवर्धनासाठी दाखल झालेल्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ २००९ पासून वेळोवेळी आदेश देत आले आहे. विवरात माजलेली वेडी बाभूळ काढण्याचे काम त्यातूनच पुढे गेले. म्हणजे वन, पुरातत्त्व, भूविज्ञान, महसूल, पर्यटन आणि नगर परिषद असे सहा हात एका खड्ड्यावर आहेत. या सगळ्यांना एकत्र बसवता येईल असे पद जिल्ह्यात एकच आहे, आणि म्हणून हे पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने आहे.

विवर बंद भांडे आहे. आत गेलेले बाहेर येत नाही, हे क्षाराच्या बाबतीत जितके खरे तितकेच सांडपाण्याच्या बाबतीत. गाव ईशान्येला उंचावर आणि पाणी उताराने घळीत, ही रचना माणसाने केलेली नाही. पण वस्ती वाढली तसे नाल्यांचे पाणी त्याच उताराने सरोवराकडे वळले. कडेच्या शेतांतली खते आणि औषधेही पावसाबरोबर खाली येतात. नत्र आणि स्फुरद वाढले की शेवाळाचे प्रमाण बिघडते. गोडे पाणी फार आले की क्षारता उतरते, आणि क्षारतेवरच जगणारे जीव मागे हटतात. लोणारच्या पाण्याचे वैशिष्ट्य टिकवायचे तर पहिली गोष्ट गावाच्या गटारांची आहे. प्रकाशयोजना, दृश्यमंच आणि उद्याने यांच्याआधी तिचा क्रम लागतो. गावातले प्रत्येक घर नळाने, गटाराने आणि शौचालयाने नीट जोडले गेले, तर त्यात सरोवराचे रक्षण आपोआप आहे. गावाला आपल्याच घरासाठी हे मिळणे हा हक्कही आहे.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा या नात्याची आठवण सगळ्या देशाला झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून कारण सांगितले: क्षारप्रिय आर्किया गटातले सूक्ष्मजीव. पाणी कमी, क्षारता जास्त आणि ऊन कडक झाले की ते वाढतात आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पाऊस पडून पाणी वाढल्यावर ते तळाशी बसले आणि रंग गेला. त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. पण पाण्याची पातळी किती लवकर किती बदलते, याचा तो ठळक पुरावा होता. २००६ मध्ये सरोवर इतके आटले होते की तळाचे क्षार उन्हात चमकताना दिसले. उलट अलीकडच्या भरपूर पावसाच्या वर्षांत पाणी चढत चढत कमळजा देवीच्या देवळापर्यंत आले. आटणे आणि चढणे हे दोन्ही सरोवराचे जुने स्वभाव असू शकतात. त्यांत पावसाचा वाटा किती, झऱ्यांचा किती, वरच्या भागातल्या विहिरी-कूपनलिकांच्या उपशाचा किती आणि गावातून येणाऱ्या पाण्याचा किती, हे वेगळे काढायचे तर पातळी, क्षारता आणि सामू यांची नोंद दर महिन्याला, एकाच जागी, वर्षानुवर्षे व्हायला हवी आणि ती लोकांसमोर यायला हवी. शाळा आणि महाविद्यालयातल्या मुलांकडून ही नोंद घेतली गेली, तर सरोवराचे पहिले राखणदार गावातच तयार होतील.

वस्तीच्या वाढीचा दुसरा परिणाम कडेबाहेर होतो. मलब्याच्या चादरीवर नवी प्लॉटिंग, रस्ते आणि मुरमाच्या खाणी येतात, आणि अभ्यासकांना लागणारा तो वितळलेला दगड बांधकामात निघून जातो. अभयारण्याची हद्द विवराभोवती आहे, मलब्याभोवती नाही. म्हणून शहर विकास आराखड्यात मलब्याचा पट्टा नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवणे, त्यातल्या ठरावीक जागा खोदाईपासून मोकळ्या ठेवणे आणि त्या बदल्यात गावाला घरासाठी दुसरीकडे जागा मोजून देणे, या तीन गोष्टी एकत्रच करता येतील. नुसती बंदी घातली तर तिचा भार छोट्या प्लॉटवाल्यावर येतो.

धारेच्या पायऱ्यांजवळ जो माहितीफलक लागेल, त्यावर विवराचा व्यास, वयाचे दोन्ही आकडे आणि त्यांतल्या फरकाचे कारण, दैत्यसूदनाची कथा, क्षारांची नावे, सासू-सुनेच्या विहिरीचे स्पष्टीकरण आणि गावाची लोकसंख्या हे सर्व मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि खाली उर्दूत असावे. २०२७ च्या जनगणनेचा आकडा आला की फलकावरचा जुना आकडा बदलावा.

कळावे.

लोणारविषयी आस्था असलेला एक नागरिक